अंडी उबविण्याची कथा : टोपलीपासून पेटीपर्यंत



वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा चिटणीसबाईंचा निरोप आला तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. पण त्या म्हणाल्या, "तुम्ही त्या अंडी उबविण्याच्या पेटीबद्दल लिहा. दर बैठकीला त्यावरून वाद होतो, तो एकदा मिटू द्या." येत्या वर्षी मंडळाने वर्गणी काढून एक मोठी पेटी घ्यावी, असे घाटत आहे. तेव्हा पैसे घालण्याआधी या विषयाची मागची हकिकत सर्वांना ठाऊक असावी, एवढ्याच हेतूने हे लिहीत आहे. आपल्यांतील काही भगिनी अंड्याला शिवत नाहीत, हे मी जाणते. त्यांनीही हे वाचावे, कारण ही कथा खाण्याची नाही, जीव जगविण्याची आहे.

वाद काय, तर पेटीत पाणी ठेवावे की न ठेवावे. पाणी न ठेवता अंडी उबवितात तिला कोरडी उबवण म्हणतात. कोणी म्हणते कोरडीच बरी, कोणी म्हणते वाटीभर पाणी हवेच. मी दोन्ही करून पाहिले आणि दोन्हींत ठेच खाल्ली. ते पुढे सांगतेच. आधी जुनी गोष्ट सांगते.

आमच्या सासूबाईंच्या सासूबाई निजामाच्या राज्यात नांदल्या. आपला जिल्हा तेव्हा हैदराबाद संस्थानात होता. १९४८ च्या सप्टेंबरात संस्थान भारतात आले, १९५६ साली आपण मुंबई राज्यात गेलो आणि १९६० साली महाराष्ट्रात. राज्ये बदलली, पण घरातली खुडूक कोंबडी आणि तिची टोपली काही बदलली नाही. माळवदाच्या घरात, उतरंडीच्या मागे, अंधाऱ्या गार कोपऱ्यात टोपली ठेवायची. खाली राख, वर कडब्याची चुरी आणि त्यावर अकरा किंवा तेरा अंडी. एकवीस दिवस कोंबडीला कोणी छेडायचे नाही. आभाळ गरजले की अंडी नासतात, म्हणून टोपलीत लोखंडाचा तुकडाही ठेवीत. त्याचा उपयोग काय ते मला दिसले नाही, पण सासूबाईंची दुसरी एक रीत मात्र मी विसरणार नाही. पावसाळ्यात टोपली विटांवर उंच ठेवायची आणि राख कोरडी घालायची. उन्हाळ्यात तीच टोपली सारवलेल्या जमिनीवर टेकवायची, खाली ओलसर वाळू पसरायची आणि शेवटच्या आठवड्यात अंड्यांवर कोमट पाण्याचा हात फिरवायचा. मी विचारले, "असे का हो, आत्याबाई?" तर म्हणाल्या, "अगं, हवा जशी असेल तसं करावं लागतं." तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नाही.

कोंबडीशिवाय अंडी उबविण्याची कल्पना आजकालची असावी, असा माझा समज होता. पण ती फार जुनी निघाली. माझी थोरली कॉलेजात शिकते. तिने पुस्तकांतून एकेक गोष्ट काढून मला वाचून दाखविली. मिसर देशात, म्हणजे इजिप्तात, लोक अंडी उकिरड्याच्या उबेत पुरून पिल्ले काढतात, असे ग्रीक पंडित ॲरिस्टॉटल याने सव्वादोन हजार वर्षांहून आधी लिहून ठेविले. पुढे तिकडे कच्च्या विटांच्या भट्ट्या झाल्या. शेण आणि काड यांचा मंद जाळ करून एका भट्टीत हजारो अंडी उबवीत. उष्णतामापक नव्हता. भट्टीवाला अंडे उचलून आपल्या डोळ्याच्या पापणीला लावी आणि ऊब बरोबर आहे की नाही ते ओळखी. बापाने मुलाला शिकवायचे, असा तो पिढीजात धंदा. चीनमध्ये आणि बंगालकडे भाताचे तूस तापवून त्यात अंडी उबविण्याची रीत आहे. बांगलादेशात तर गावोगावच्या गरीब बायकांनी या तुसाच्या उबवणीवर बदकांची व कोंबड्यांची पिल्ले काढून संसाराला हातभार लावला.

एक गोष्ट ऐकून मला हसू आले. रोमचा बादशहा ऑगस्टस याची राणी लिव्हिया. ती तरुणपणी गरोदर असताना मुलगा होईल की मुलगी, हे पाहण्यासाठी तिने कोंबडीचे एक अंडे आपल्या उराशी धरून उबविले. हात दुखले की दासीच्या हाती देई, म्हणजे अंड्याची ऊब मोडत नसे. त्यातून तुरेवाला कोंबडा निघाला आणि तिला मुलगा झाला, तोच पुढे तिबेरियस बादशहा. ही हकिकत प्लिनी नावाच्या रोमन लेखकाने लिहिली आहे. आपल्या जिल्ह्यातले तेर गाव त्या काळी तगर म्हणून प्रसिद्ध होते. ग्रीक भाषेतल्या पहिल्या शतकातल्या व्यापारी पुस्तकात त्याचे नाव येते, आणि रोमशी असलेल्या व्यापाराच्या खुणा तेरच्या वस्तुसंग्रहालयात आजही पाहावयास मिळतात. म्हणजे आपल्याकडचा माल जिकडे जात होता, तिकडची राणीसुद्धा अंडे उबवीत बसली होती! मुलगा-मुलगीच्या त्या खुळावर मात्र आपण जाऊ नये.

पुढे युरोपात हा विषय शास्त्रज्ञांनी हाती घेतला. फ्रान्समध्ये रेओम्यूर नावाचे मोठे शास्त्रज्ञ होते. त्यांनी घोड्याच्या लिदीच्या उबेत, उष्णतामापक लावून, पिल्ले काढण्याचे प्रयोग केले आणि १७४९ साली त्यावर पुस्तक छापले. १८८१ च्या सुमारास इंग्लंडात हिअरसन याने आपोआप ऊब सांभाळणारी पेटी केली. तिच्यात इथरची लहानशी डबी होती. ती तापली की फुगे आणि दिव्याची ऊब बाहेर सोडी. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या पेटालुमा गावी लायमन बाइस याने १८७९ साली पेटी तयार केली, आणि पुढे ते गाव अंड्यांच्या धंद्याने जगभर गाजले.

आता आपल्या वादाची गोष्ट. पाणी ठेवावे की न ठेवावे हा वाद आपल्या मंडळात सुरू झालेला नाही! शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेतले पेटीवाले याच गोष्टीवरून एकमेकांशी भांडत होते. बफेलो गावच्या सायफर्स कंपनीने तर आपल्या पेटीची जाहिरातच 'पाणी न लागणारी' म्हणून केली. दुसरे पेटीवाले पाण्याचे ताट घालून देत. थोरलीने हे वाचून दाखविले तेव्हा मला वाटले, एवढे शिकलेले लोक इतकी वर्षे भांडले, त्याअर्थी दोन्हींत काहीतरी खरे असले पाहिजे.

ते खरे काय, हे मला आपल्याच घरी कळले. २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कोंबडीने करोना होतो अशी अफवा उठली आणि कोंबडीचा भाव मातीमोल झाला. पाठोपाठ टाळेबंदी आली. उबवणी केंद्रांतून येणारी पिल्ले यायची बंद झाली. आमच्याकडे तेव्हा सुधारित जातीच्या कोंबड्या होत्या. अंडी भरपूर देत, पण एकही खुडूक बसत नसे. जास्त अंड्यांसाठी निवडून निवडून केलेल्या जातींत बसण्याची खोड मुद्दाम कमी केलेली असते, हे मला मागाहून कळले. पुतण्याने घरात पडलेली थर्माकोलची पेटी घेतली, बल्ब लावला, ऊब राखणारा थर्मोस्टॅट जोडला. नात्यातल्या एका जाणकारांना फोन केला. ते म्हणाले, "पाणी मुळीच घालू नका. अठरा दिवस पेटी कोरडी ठेवा, शेवटच्या तीन दिवसांतच पाणी द्या. मी तसेच करतो, शंभरात ऐंशी पिल्ले निघतात."

चैत्र चालू होता. मी चोवीस अंडी ठेविली. त्यांतली दहा आमच्या शेजारच्या एका विधवा बाईंची होती. त्यांच्या कोंबड्या रोगाने गेल्या होत्या आणि या पिल्लांवर त्यांची सारी भिस्त होती. सातव्या दिवशी उजेडासमोर धरून पाहिले, तर एकोणीस अंड्यांत जीव धरला होता. मी त्यांना आनंदाने सांगितले. विसाव्या दिवशी आतून चिवचिव ऐकू आली. कवचाला टोचे पडले. आणि तिथेच सारे थांबले. आतला पापुद्रा वाळून पिल्लाच्या अंगाला चिकटून बसला होता. पिल्लांना वळता येईना. बावीसाव्या दिवशी तीन बाहेर आली, बाकीची आतच गेली. बाई काही बोलल्या नाहीत. "राहू द्या वहिनी, नशीब आपलं," एवढेच म्हणाल्या. त्या रात्री माझ्या घशाखाली घास उतरला नाही.

मग मी उलटे टोक गाठले. श्रावणात पुन्हा चोवीस अंडी ठेविली आणि पेटीत पाण्याच्या दोन वाट्या पहिल्या दिवसापासून भरून ठेविल्या. या खेपेस पिल्ले उशिरा फुटली. सुजलेली, ओली, पोट फुगलेली. पुष्कळशी टोचा न मारताच आत मेली. फोडून पाहिले तर अंड्यात पाणी साचले होते. सात जगली.

सासूबाई ओट्यावर बसून पाहत होत्या. म्हणाल्या, "चैतात पाणी दिलं नाहीस आणि श्रावणात पाजलंस. कोंबडी असं करती का?" तेव्हा त्यांच्या टोपलीखालची वाळू आणि विटा मला आठवल्या. फोनवरचे गृहस्थही खोटे बोलले नव्हते. ते राहतात कोकणात! तिथली हवा बारमाही दमट. त्यांची कोरडी पेटीसुद्धा आपल्या चैत्रातल्या पेटीपेक्षा ओली असते.

यातले शास्त्र थोडक्यात सांगते. अंड्याच्या कवचाला हजारो बारीक छिद्रे असतात. त्यांतून पिल्लू श्वास घेते आणि आतले पाणी हळूहळू उडून जाते. जेवढे पाणी उडते तेवढी अंड्याच्या रुंद टोकाची हवेची पोकळी वाढते. जन्माआधी पिल्लू प्रथम त्या पोकळीत चोच घालून श्वास घेते आणि मग कवच फोडते. पाणी कमी उडाले तर पोकळी लहान राहते, पिल्लू आतच गुदमरते. जास्त उडाले तर पापुद्रा वाळून पिल्लू जखडते. अठरा दिवसांत अंड्याचे वजन शेकडा ११ ते १४ एवढे घटले पाहिजे, मग पेटी कोरडी असो की ओली.

आता हवेचे पाहा. बाहेरची हवा पेटीत तापली की तिचा दमटपणा उतरतो. पावसाळ्यात आपल्याकडची हवा मुळात ओली, म्हणून ती तापल्यावरही पेटीत दमटपणा शेकडा ४० ते ४५ राहतो. तेव्हा कोरडी उबवण बरोबर जमते. उन्हाळ्यात किंवा थंडीत तीच पेटी कोरडी ठेविली तर दमटपणा २० ते २५ वर येतो आणि माझ्या चैत्रासारखी गत होते. मोठ्या उबवणी केंद्रांत अठरा दिवस ५० ते ५५ आणि शेवटचे तीन दिवस ६५ ते ७० दमटपणा ठेवितात. शेवटच्या तीन दिवसांत पाणी कोरड्या उबवणीतही द्यावेच लागते, हे नाव ऐकून कोणी विसरू नये.

मोजायचे कसे? माझ्याजवळ स्वयंपाकघरातला काटा आहे, त्यावर भागते. समजा चोवीस देशी अंड्यांचे वजन १००० ग्रॅम भरले. सातव्या दिवशी ते ९५० च्या आसपास भरावे, चौदाव्या दिवशी ९०५ च्या आसपास आणि अठराव्या दिवशी ८८०. वजन फार उतरले तर वाटीत थोडे पाणी घालावे, उतरत नसेल तर वाटी काढावी. मधे वांझ किंवा नासके अंडे काढले तर हिशेबातून त्याचे वजन वजा करावे. पंखा असलेल्या पेटीत ऊब ३७.५ अंश ठेवावी. पंखा नसेल तर अंड्याच्या वरच्या बाजूस मोजून सुमारे एक अंश जास्त. अंडी दिवसातून निदान तीन वेळा फिरवावीत, अठराव्या दिवसानंतर मुळीच फिरवू नयेत आणि पेटी सारखी उघडू नये.

आणखी एक गोष्ट आपल्या जिल्ह्यापुरती. पेटी ऊब देते, गारवा देत नाही. वैशाखात आपल्याकडे दुपारी पारा चाळीसावर जातो. पत्र्याच्या किंवा सिमेंटच्या खोलीत ठेविलेली पेटी बल्ब विझला तरी तापतच राहते आणि अंडी आत शिजल्यासारखी होतात. पूर्वी जाड मातीचे माळवद असे, आत गारवा टिके. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात लोहारा-उमरग्याकडे अशीच दगडमातीची घरे कोसळून माणसे दगावली. त्यानंतर लोकांनी माळवदाचा धसका घेतला आणि सिमेंटची घरे बांधली, त्यात त्यांची चूक कशी म्हणावी? पण गार कोपरा गेला तो गेलाच. म्हणून भर उन्हाळ्यात पेटी लावू नये, हे माझे स्पष्ट मत आहे. सासूबाईही वैशाखात कोंबडी बसवीत नसत.

२०२१ च्या श्रावणात मी पुन्हा चोवीस अंडी ठेविली, अठरा दिवस पाण्याचा थेंब न घालता. काटा हातात होता. सतरा पिल्ले निघाली, अंग कोरडे, पायांवर घट्ट. पहिली दहा मी शेजारच्या बाईंच्या डालग्यात नेऊन सोडली. त्याच वर्षी पौषात अर्धी वाटी पाणी ठेवून सोळा काढली. तेव्हापासून भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर मी पेटीचे वजन लिहून ठेवीत आले आहे.

आता या इतिहासातून मला काय दिसते ते सांगते. आपल्याकडे अंड्याचा पैसा हा बाईच्या पदराचा पैसा होता. तेल-मिठाला, लेकीच्या वहीला तो उपयोगी पडे, आणि तो कोणाला मागावा लागत नसे. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या काळात सरकारने मुंबईला आरे येथे आणि इतर ठिकाणी कुक्कुटपालनाची मोठी केंद्रे काढली. १९७१ साली हैदराबादेत बी. व्ही. राव यांनी व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली, ती पुढे पुण्यास येऊन देशभर वाढली. पुणे, कोल्हापूर, नागपूर व औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, येथे शासनाची मध्यवर्ती उबवणी केंद्रे झाली. यामुळे अंडे स्वस्त झाले, गावोगाव पोहोचले, हे मोठेच काम झाले. पण त्याबरोबर पिल्लू काढण्याची विद्या आपल्या चुलीपासून दूर गेली. पिल्लू विकत आणावयाची वस्तू झाली. टाळेबंदीत ती आली नाही, तेव्हा आपण हात बांधून बसलो.

पेटी घरी आली म्हणजे विद्या परत आली, असे मात्र नाही. मिसरातला भट्टीवाला पापणीने ओळखी, आमच्या सासूबाई वाळू आणि विटांनी ओळखीत, आपण काट्याने ओळखू. कोरडी की ओली हे पेटीच्या कागदावर लिहिलेले नसते. ते बाहेरच्या हवेवर आणि अंड्याच्या वजनावर ठरते. आपल्या जिल्ह्यात आषाढ ते आश्विन कोरडी, बाकीचे दिवस थोडे पाणी आणि भर उन्हाळ्यात पेटी बंद, एवढे धरून चालले तरी पुष्कळ नुकसान टळेल.

मंडळाने पेटी जरूर घ्यावी. पण तिच्यासोबत एक काटा आणि एक वही घ्यावी, आणि वीज गेली तर काय करायचे ते आधी ठरवावे. शक्य तर तुळजापूरच्या कृषी विज्ञान केंद्रातील मंडळींना बोलावून एकदा माहिती घ्यावी. आणि ज्यांच्या घरी अजून एखादी देशी खुडूक कोंबडी आहे त्यांनी ती विकू नये. वीज नसली तरी तिचे काम अडत नाही.

सासूबाई आता थकल्या आहेत. हा लेख मी त्यांना वाचून दाखविला. वाळूचा भाग आला तेव्हा म्हणाल्या, "हे एवढं लिहायला कशाला पाहिजे होतं, सगळ्यांना ठाऊकच असतं." नव्हते ठाऊक, म्हणून लिहिले. चूकभूल द्यावी घ्यावी.